विशेष खूण : नाही

माझं दुकान जळगाव स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि माझं तोंड फटकळ आहे, या दोन गोष्टी आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. माझ्या हातच्या कामामुळे एक मुलगा आपल्या आईजवळ वेळेवर पोचला नाही. सांगायला बसलेच आहे तर सरळ सांगते. मध्ये रडू आलं तर येईल.

नाव मोहिनी. पाटीवरही तेच आहे, 'मोहिनी फोटो, झेरॉक्स व फ्लेक्स'. तेवीस वर्षं झाली दुकानाला, त्यातली शेवटची नऊ मी एकटीने काढली. पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नाचे अल्बम, श्रद्धांजलीचे फोटो, सगळं करते. आणि फोटो साफ करण्यात या गावात माझा हात धरणारं कुणी नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, तेव्हा फुशारकीनेच सांगायचे. डाग दिसला की मला चैन पडायचं नाही. नवरीचा तीळ काढा, नवरदेवाचे मुरूम काढा, काकांच्या कपाळावरची टाके घातल्याची खूण काढा, लोक सांगायचे आणि मी काढायचे.

गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात एक नवीन सुरू झालं, आईचं गोंदण काढा. पोरगं पुण्याला नोकरीला, आईची पंचाहत्तरी, मोठा फ्लेक्स लावायचा. आणि हळूच काउंटरवर वाकून म्हणणार, ''ताई, हनुवटीवरचं ते हिरवं तेवढं काढून टाका ना, बरं नाही दिसत.'' मी झापायचे. ''तुझ्या आईने सुया टोचून घेतल्या, ती रडली नाही. तुला बघवत नाही होय?'' पोरगं खाली मान घालून हसायचं. झापून झालं की मी गोंदण काढून द्यायचे. दोन्ही कामं मी मन लावून करायचे. पुढेपुढे तर तीन-चार पायऱ्यांची एक तयार सेटिंगच करून ठेवली, एक बटण दाबलं की चेहरा लख्ख. तिला नाव दिलं होतं 'साफ'.

आता रुपचंदभाऊ. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुली सासरी. या माणसाला एक वेड आहे. इथल्या सरकारी दवाखान्यात जे अनोळखी पेशंट येतात त्यांची माणसं शोधायची. पोलिसांचे कागद त्यांच्या चालीने जातात, हे आपल्या पायांनी जातात. पेशंटचा फोटो काढतात, मी त्याचं पत्रक करते, साठ-सत्तर झेरॉक्स काढते, आणि रुपचंदभाऊ ओळखीच्या गार्डांच्या हाती ती पत्रकं दोन्ही दिशांच्या स्टेशनांवर पाठवतात. तिकडे धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा. इकडे भुसावळ, बोदवड, मलकापूर. चौदा माणसं घरी पोचली अशी. त्यांच्या कामाला मी कधी नाही म्हटलं नाही, दुकानात कितीही गर्दी असो.

त्या बुधवारी सकाळी साडेनऊला त्यांचा फोटो आला आणि मागोमाग फोन.

''मोहिनी, एक म्हातारी आहे. परवा सोमवारी गाडीतच झटका आला, लोकांनी इथे उतरवून घेतली. उजवी बाजू गेली आहे, तोंड वाकडं झालंय, बोलते ते कळत नाही. सामान गाडीतच पुढे गेलं असणार. वय सत्तरच्या पुढे टाक. हिरवं लुगडं.''

''आणि खूण?''

''फोटोत बघून टाक गं. मी चष्मा घरी विसरलो. अकराच्या गाडीने कागद जायला पाहिजेत, कसं करतेस बघ.''

फोटो उघडला आणि मी त्यांच्या नावाने बोटं मोडली. माणसाने खिडकीकडे तोंड करून फोटो काढला होता. मागे खिडकीत ऊन, तिथे सगळं पांढरंफटक. पुढे खाटेवर बाई, तिचा चेहरा तव्याच्या बुडासारखा काळा. डोळे कुठे, तोंड कुठे, काही कळेना.

पण असल्या फोटोंसाठीच मी आहे असं मला वाटायचं. आमच्या कामात टोन मॅपिंग म्हणतात एक. फोटोत एका जागी उजेड सांडलेला असतो आणि दुसऱ्या जागी थेंबभर नसतो. ती वाटणी आपण नव्याने करायची. खिडकी खाली आणली, चेहरा वर उचलला, आणि काळोखातून हळूहळू ती बाई वर आली. मिटलेले डोळे, बसलेले गाल, एका बाजूला ओढलेलं तोंड. पण अंधार उचलला की त्याच्याबरोबर त्यातली कचकचही वर येते. सगळ्या चेहऱ्यावर बारीक दाणे, जणू कुणी वाळू फेकलीय.

पुढचं काम झेरॉक्सचं. झेरॉक्स मशीनला मधला रंग कळत नाही. शाई तरी, नाहीतर कोरा कागद. अख्ख्या फोटोला एकच रेघ आखून दिली, की एवढ्याहून गडद ते काळं आणि बाकीचं पांढरं, तर सावलीतला अर्धा चेहरा शाईत बुडतो. म्हणून मी प्रत्येक ठिपका त्याच्या शेजाऱ्यांशी ताडून बघायला लावते. सावलीत बसलेल्याला सावलीचं माप, उन्हात बसलेल्याला उन्हाचं. कोर्सच्या मास्तरांनी शिकवलं तेव्हापासून मला ही रीत फार आवडते, सगळ्यांना एकाच काठीने हाकत नाही म्हणून. यातही दाणे उरतातच. त्यासाठी शेवटची पायरी, मशीनला सांगायचं की एवढ्याहून लहान असेल तो ठिपका पुसून टाक. 'साफ'मध्ये ती पायरी होतीच. मी बटण दाबलं.

असा चेहरा निघाला म्हणून सांगू. सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी. मी स्वतःवर खूश झाले, खोटं कशाला बोलू.

खाली तपशील टाकले. नाव अनोळखी, वय सत्तर ते पंच्याहत्तर, रंग सावळा, हिरवं लुगडं, सोमवारी जळगाव स्टेशनवर गाडीतून उतरवले, सरकारी दवाखान्यात दाखल, संपर्क रुपचंदभाऊ. शेवटची ओळ 'विशेष खूण'. मी पडद्यावर बघितलं. स्वच्छ चेहरा, कुठे काही नाही. मी टाइप केलं, 'नाही'.

मूळ फोटो पुन्हा उघडून बघायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी उघडला नाही. साठ प्रती काढल्या आणि अकराच्या आत रुपचंदभाऊंच्या हातात दिल्या.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. रोज संध्याकाळी रुपचंदभाऊ यायचे, बाकावर बसायचे आणि मान हलवायचे. फोन नाही कुणाचा. सोमवारी आले तेव्हा म्हणाले, ''शनिवारी दुसरा झटका आला तिला. आता शुद्धीवर नाही.'' मी संतापले. ''कसली पोरं पैदा होतात देव जाणे,'' मी म्हटलं, ''आठ दिवस झाले म्हातारी घरात नाही आणि यांच्या लक्षात नाही. म्हैस हरवली असती तर तालुका पालथा घातला असता.'' आणखीही बरंच बोलले. जिला कधी बघितलं नाही अशा बाईच्या, ज्याला कधी बघितलं नाही अशा मुलाला मी माझ्या दुकानात बसून शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी तो मुलगा माझ्या दुकानात आला.

मुलगा म्हणजे पन्नाशीचा माणूस. दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर मळलेली, कापूस वेचून बोटं फाटलेली. हातातली पिशवी त्याने काउंटरच्या काचेवर ठेवली आणि मी खेकसले, ''काचेवर नको, खाली ठेवा.'' त्याने पटकन पिशवी उचलली आणि बाहीने काच पुसली. मग म्हणाला, ''ताई, कागद काढायचा होता. माणूस हरवल्याचा.''

''कोण हरवलं?''

''माय.''

मी स्टूल पुढे केलं. नाव विचारलं, ते कागदावर टाकावं लागतं म्हणून. ''कौतिक,'' तो म्हणाला, ''कौतिक अभिमन. शिंदखेड्याजवळचा. मायचं नाव भिकुबाई.'' आणि मग थांबत थांबत त्याने सगळं सांगितलं. सोमवारी त्यानेच आईला शिंदखेड्याला गाडीत बसवलं होतं. भुसावळला गाडी बदलायची आणि बोदवडला उतरायचं, तिथे बहीण लताबाई. दरवर्षी कापसाची पहिली वेचणी झाली की ती अशीच एकटी जायची, कधी चुकली नाही. मोबाइल वापरत नव्हती. संध्याकाळी लताबाईचा फोन आला, माय तर उतरलीच नाही.

''डोळा लागला असेल, पुढे गेली असेल, असं वाटलं,'' तो म्हणाला. ''भुसावळ पाहिलं, बोदवड पाहिलं. मग मलकापूर, शेगाव, अकोला. दवाखाने पाहिले, देवळं पाहिली. फलाटावरच झोपलो. पोलिसात नाव दिलंय. आता परत घराकडे चाललो होतो, म्हटलं इथे उतरून कागद काढू, वाटेत लावत जाऊ.''

''आणि जळगाव बघितलं का?''

''जळगावचं कळलं होतं ना ताई. गुरुवारी भुसावळच्या फलाटावर कागद लावलेला होता, इथल्या दवाखान्यात एक म्हातारी आहे म्हणून. धावतच गेलो कागदापाशी. पण खाली लिहिलं होतं, विशेष खूण नाही. माझ्या मायला तर हनुवटीवर गोंदण आहे. म्हटलं, ही दुसऱ्या कुणाची तरी. हात जोडले कागदाला. म्हटलं देवा, हिची माणसं हिला भेटू दे. आणि मलकापूरची गाडी धरली.''

ऐका आता माझी अक्कल. मी मान डोलावली. माझ्याच कागदावर माझा एवढा विश्वास, की गोंदण असलेली त्याची आई वेगळी आणि खूण नसलेली आमची म्हातारी वेगळी, असं मलाही पटलं. उलट मी म्हटलं, ''हो, तो कागद इथलाच. ती बाई वेगळी.''

त्याने मोबाइलमधला फोटो दिला. ओट्यावर सावलीत बसलेली आई, मागे अंगणात लखलखीत ऊन, तिच्या हातात सूप. हसत नव्हती, पण हसायच्या बेतात असावी. ''ताई, गोंदण मात्र नीट आलं पाहिजे,'' तो म्हणाला. ''तीच तिची ओळख आहे.''

''येईल हो, बघा तुम्ही,'' मी म्हटलं आणि सवयीने कामाला लागले. ऊन खाली, सावली वर. चेहरा उजळला. मग हात आपोआप जायचा तिथे गेला. बटण दाबलं.

''ताई,'' तो मागून म्हणाला, ''गोंदण गेलं.''

मी पडद्याकडे बघितलं. हनुवटी कोरी. क्षणभरापूर्वी तिथे तीन ठिपके होते, वर दोन आणि खाली एक.

मी मागच्या आठवड्याचं फोल्डर उघडलं, रुपचंदभाऊंचा फोटो काढला, मूळ, जसा आला होता तसा. चेहरा वर उचलला आणि थांबले. पुढची पायरी केली नाही. पडद्यावर सगळे दाणेच दाणे. मी हनुवटी मोठी केली, आणखी मोठी केली. दाणे कसे, वाटेल तिथे पडलेले असतात. आणि त्यांच्यात तीन, बाकीच्यांपेक्षा जरा गडद, सारख्या अंतरावर बसलेले. वर दोन, खाली एक.

तो काउंटरवरून अर्धा आत वाकला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

''माय,'' तो म्हणाला.

शटर न ओढताच मी बाहेर पडले. शेजारच्या पानवाल्याला दुकानाकडे बघायला सांगितलं आणि रिक्षा केली. रिक्षात तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता, जणू मागे टेकला तर रिक्षा हळू जाईल. जिवंत आहे का, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, काल संध्याकाळपर्यंत होती. टॉवर चौकात गर्दीत अडकलो तेव्हा एकदम म्हणाला, ''ताई, कागदावर ते 'नाही' कोणी लिहिलं?''

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

''फोनवर सांगितलं तसं लिहिलं,'' मी म्हटलं.

तेवीस वर्षं मी गिऱ्हाइकांना खरं-खोटं तोंडावर सुनावत आले. माझ्या फटकळपणाचा मला अभिमान. आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडातून हे निघालं. एका वाक्यात मी माझं पाप रुपचंदभाऊंसारख्या देवमाणसाच्या माथी मारलं. मला माझी किळस आली, पण वाक्य मागे घेण्याची हिंमत झाली नाही.

बायकांच्या वॉर्डात ती शेवटून दुसऱ्या खाटेवर होती, खिडकीला लागून. नाकात नळी, उशाशी लोखंडी पट्टीवर अडकवलेला कागद, 'अनोळखी महिला'. मी तिला पहिल्यांदा बघत होते. किती लहानखुरी होती. कौतिकभाऊ खाटेपाशी गेले आणि उभेच राहिले, जणू परवानगी लागणार होती. मग एक बोट तिच्या हनुवटीवर टेकवलं. फोटोत जे मला कचरा वाटलं ते तिथे तीन फूट अंतरावरून मला, चष्मा न लावता, स्पष्ट दिसत होतं. हिरवट, जुनं, पक्कं.

''माय, मी उनू,'' आपण आल्याचं ते तिला सांगत होते. ''माय.''

तिने डोळे उघडले नाहीत. छाती तेवढी वरखाली होत होती.

ड्यूटीवरची सिस्टर पळतच आली. वयाने लहान, कणकवलीकडची, इथे येऊन तिला दोन महिनेही झाले नव्हते. ''तुम्ही मुलगा का त्यांचा?'' तिने विचारलं आणि तिचाच चेहरा उजळला. ''बरं झालं हो. मी रोज बघायचे दाराकडे, कुणीतरी येईल म्हणून. चांगल्या होत्या हो आजी. शनिवारपर्यंत बोलत होत्या.''

''बोलत होती?'' कौतिकभाऊ म्हणाले.

''म्हणजे, नीट कळायचं नाही, तोंड वाकडं झालेलं ना. पण एक शब्द सारखा म्हणायच्या. कौतुक, कौतुक. दिवसभर तेच. औषध द्यायला गेले की माझा हात धरायच्या, कौतुक. मी चेष्टा करायचे, आजी, कुणाचं एवढं कौतुक करताय, नातवाचं का? मग मला वाटलं, म्हातारं माणूस, एकटं पडलंय, कुणीतरी आपलं कौतुक करावं असं वाटत असेल. म्हणून मी त्यांचे केस विंचरायचे. गालावरून हात फिरवायचे. तरी त्या माझ्याकडे बघून मान हलवायच्या आणि पुन्हा तेच.''



कौतिकभाऊंनी आधी सिस्टरकडे बघितलं, मग आईकडे. ''ते नाव शे,'' ते म्हणाले. ''मन्हं नाव शे ते. कौतिक.''

सिस्टरचा हात तोंडावर गेला. तिचा काय दोष? तिच्या गावाकडे कौतुक म्हणजे लाड. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक कौतिक आहे, म्हणून आम्हाला तो शब्द नाव म्हणून कळतो. तिने आपल्या परीने त्या शब्दाला उत्तर दिलं होतं, केस विंचरून दिलं होतं. मी तर तेवढंही केलं नव्हतं.

''शनिवारी कधीपर्यंत?'' कौतिकभाऊंनी विचारलं.

''दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत.''

ते बोटांवर मोजू लागले. मोठ्याने नाही, ओठ तेवढे हलत होते, पण मला कळत होतं काय मोजताहेत. गुरुवारी सकाळी त्यांनी भुसावळला तो कागद वाचला होता. भुसावळ ते जळगाव गाडीने अर्धा तास. गुरुवार सगळा, शुक्रवार सगळा, शनिवार अर्धा. तेवढा वेळ ती हाक मारत होती आणि तेवढा वेळ तिचा मुलगा उलट्या दिशेने, अकोल्याकडे चालला होता, पिशवी घेऊन, देवळात डोकावत.

आता मात्र मला गप्प बसवेना. हे झाकून घरी नेलं असतं तर मी जेवू शकले नसते.

''भाऊ,'' मी म्हटलं, ''मी मघाशी खोटं बोलले. ते 'नाही' मला कुणी सांगितलं नव्हतं. रुपचंदभाऊ म्हणाले होते फोटोत बघून टाक. मी फोटो साफ केला, त्यात गोंदण मीच पुसलं, आणि मग त्या पुसलेल्या फोटोत बघून लिहिलं, नाही. माझ्या हातून झालं हे. तुम्ही गुरुवारी इथे असता.''

सिस्टर बाजूला झाली. कौतिकभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मनाची तयारी केली होती. चार लोकांत शिव्या घालतील, कदाचित हात उगारतील, घालू देत, उगारू देत. खरं सांगते, मला ते हवंच होतं.

ते इतका वेळ माझ्याशी शहरातलं मराठी बोलत होते. आता बोलले ते घरच्या बोलीत, जिथे बघण्याला दखणं म्हणतात, आणि अर्धं माझ्याशी, अर्धं तिच्याशी.

''तुम्हीन तिले कधी दखेल नव्हतं, ताई. मी पन्नास वरीसपासून दखी ऱ्हायनू. अन् कागदवर तिनंच तोंड व्हतं.'' ते तिच्याकडे वळले. ''मी ठिपकाच दख्यात. माय दखी नही.''

मग त्यांनी खाटेच्या दांडीवर कपाळ टेकलं आणि रडले. मोठा माणूस असा रडताना मी माझा नवरा गेला त्या वेळी माझ्या सासऱ्यांना बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला. तो हात ठेवायचा मला हक्क नव्हता. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

थोड्या वेळाने सिस्टरने उशाचा कागद काढला आणि नवा लिहायला घेतला. तिने नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. कौतिकभाऊंनी एकेक नीट सांगितलं. मी रुपचंदभाऊंना फोन केला आणि त्यांनाही सगळं कबूल केलं. ते ''येतो मी'' एवढंच म्हणाले. लताबाई संध्याकाळच्या गाडीने बोदवडहून आली. ती माझ्याशी बोलली नाही. ते बरोबरच होतं.

भिकुबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. मी पावणेसातला चहाचा थर्मास घेऊन वॉर्डात शिरले तेव्हा अजून श्वास चालू होता. लताबाई पायाशी बसून तळवे चोळत होती. कौतिकभाऊ खाटेवर वाकले होते, आईच्या कानाला तोंड लावून. त्यांचा घसा पार बसला होता. मला वाटलं रामनाम घेताहेत. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

''कौतिक शे, माय. कौतिक. मी कौतिक.''

सिस्टरने येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आता पुरे म्हणून सांगितलं, तरी ते आपलं नाव सांगतच होते.